धोंड्याचं आवतन, तीन डोस आणि आमच्या ह्यांच्या गोळ्या

दुधनाकाठची | २३ जुलै २०२३, रात्री १०.४०

मंगळवारी धोंड्याचा महिना लागला आणि बुधवारी सकाळीच आईचा फोन. जावयाला कधी आणतेस? माझं माहेर केजकडचं, आम्ही राहतो सेलूला. तीन वर्षांनी येणारा महिना, आईने अनारशाचं पीठ आधीच आंबवायला घातलेलं. तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, तांब्याचं ताट, सगळं तिच्या डोक्यात तयार. मी विचारलं, जेवायला किती माणसं? म्हणाली, घरचीच गं, चाळीस-पन्नास.

इथंच घोडं अडलं.

हे ४८ वर्षांचे. २०१८ मध्ये किडनी बदलली, सासूबाईंनी दिली. तेव्हापासून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनच्या गोळ्या. सकाळी नऊ, रात्री नऊ. आमच्या घरात कुणी 'नऊ वाजले' म्हणत नाही, 'गोळी वाजली' म्हणतात.

लशीचा इतिहास सांगते, कारण माझा प्रश्न त्यावरच आहे. पहिला कोव्हिशिल्ड एप्रिल २०२१. नंबर मार्चमध्येच लागत होता, पण प्रत्यारोपणाचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत आम्ही थांबलो. दुसरा जूनमध्ये घ्यायचा, तर १३ मेला सरकारने अंतर वाढवून १२ ते १६ आठवडे केलं, म्हणून तो गेला जुलैवर. त्यानंतर कुणीतरी सांगितलं म्हणून अँटिबॉडीची तपासणी केली, रिपोर्ट जवळजवळ शून्य. त्या दिवशी हे जेवले नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये पहिला कोविड झाला, ताप चार दिवस, निभावलं. त्याच महिन्यात 'प्रिकॉशन डोस' सुरू झाला होता, पण तो आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि साठीच्या पुढचे आजारी लोक यांना. हे किडनीवाले, पण साठीचे नाहीत! १० एप्रिलला अठराच्या पुढच्या सगळ्यांना खासगीत उघडला, तेव्हा गाडी करून तेव्हाच्या औरंगाबादला गेलो आणि पैसे भरून घेतला. लशीचे सव्वादोनशे, वर सेवाशुल्क, गाडीभाडं वेगळं. १५ जुलैपासून तोच डोस पंचाहत्तर दिवस फुकट. असो.

आणि या एप्रिलमध्ये परत कोविड. देशभर दवाखान्यांत १० आणि ११ एप्रिलला तयारीची मॉक ड्रिल चालू होती, आणि आम्ही तापलेला माणूस घेऊन एका दवाखान्यात स्वॅब कोण घेतं हे शोधत फिरत होतो. एक म्हणाला उद्या या, दुसरा म्हणाला आता कुणी करत नाही ताई. रॅपिड निगेटिव्ह आली. तिसऱ्या दिवशी आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. मायकोफेनोलेट डॉक्टरांनी फोनवरच तात्पुरती बंद केली, परभणीला तीन दिवस रोज नेऊन रेमडेसिविर दिलं. २०२१ मध्ये ज्या इंजेक्शनसाठी लोक रात्रभर दुकानांसमोर उभे होते, ते या वेळी नर्सने कपाटातून सहज काढलं. मला तिथं खुर्चीत बसून रडू आलं, का ते मलाच कळलं नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा रक्तातला आकडा, वाढला की वाईट, १.३ वरून १.७ वर गेलं होतं, आता १.४.

तर प्रश्न. भाऊ म्हणतो, जागतिक आरोग्य संघटनेनंच मेमध्ये संपला म्हणून सांगितलं, तीन डोस झाले, दोनदा होऊनही गेला, दाजी इतके नाजूक कधीपासून झाले? आई काही म्हणत नाही, पण फोन ठेवताना तिचा आवाज पडला. तीन डोसांचा जोर अशा माणसाला किती पुरतो? आणि माहेरी जायचं तर कसं?

---

जालन्याचा_जावई | २३ जुलै, ११.१५

प्रश्न गंभीर आहे, पण तेहतीस अनारसे ऐकून मी जागेवरून उठलो. आमच्या सासऱ्यांनी या वेळी बत्तासे दिले.

गोदेचा_गोटा | २३ जुलै, ११.५२

वाईट वाटून घेऊ नका, पण तीन डोस घेऊन दोनदा होत असेल तर लशीचा उपेग काय? आमच्या नांदेडात एकानं एकबी डोस घेतला नाही, ठणठणीत हाय.

स्टेथो_आणि_चहा | २४ जुलै, सकाळी ६.५०

ओपीडी सुरू व्हायच्या आत लिहून टाकतो. मी तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन आहे, प्रत्यारोपणाचा तज्ज्ञ नाही. ताईंच्या ह्यांच्या औषधांबद्दल शेवटचा शब्द त्यांच्या नेफ्रोलॉजिस्टचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचा.

गावात चोरी झाली की काय होतं बघा. पंधरा दिवस पोरं काठ्या घेऊन गस्त घालतात. महिन्याने चार जण उरतात, दिवाळीला कुणीच नसतं. लस घेतल्यावर रक्तात दिसणाऱ्या अँटिबॉडी ही ती गस्त. काही महिन्यांत ती विरळ होते, सगळ्यांचीच होते, माझीही झाली. त्यामुळे विषाणू नाकातून आत शिरणं, ताप येणं, हे पुन्हा होऊ शकतं. त्यात ओमिक्रॉन आल्यापासून चोराने वेशही बदलला. लस बनली ती मूळच्या वुहानच्या विषाणूवर.

पण गस्त थांबली म्हणून गाव विसरत नाही. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींची आठवण राहते, विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या टी-पेशी राहतात. आरोळी झाली की ते उठतात, तोवर दोन-तीन दिवस जातात, तेवढा ताप येतो. फुफ्फुसापर्यंत पोचू देत नाहीत. लशीचा टिकाऊ फायदा तो. गोटाभाऊ, उपेग विचारलात म्हणून सांगतो, तो दवाखान्याच्या आत मोजायचा, सर्दीत नाही.

आता ह्यांचं वेगळं का? तीनही गोळ्यांचं काम एकच, सासूबाईंची किडनी परकी असली तरी तिच्या अंगावर जाऊ नका, हे शरीराला रोज दोनदा बजावणं. तो गप्प बसवलेला शिपाई लस टोचतानाही गप्पच बसतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी २०२१ मध्ये ६५८ प्रत्यारोपण झालेल्यांना तपासलं. नव्या पद्धतीच्या एमआरएनए लशीचे दोन डोस झाल्यावर अँटिबॉडी दिसल्या त्या ५४ टक्क्यांत. निरोगी माणसांत त्या जवळपास सगळ्यांत दिसतात. म्हणून अशा लोकांना तिकडे तिसरा डोस ऑगस्ट २०२१ मध्येच दिला गेला, बूस्टर म्हणून नव्हे, मूळ कोर्सचाच भाग म्हणून. आपल्याकडे वयाची रेघ ओढली गेली आणि ताईंचे हे रेघेच्या अलीकडे राहिले. हा माझाही राग आहे. तेव्हा माझ्याकडे डायलिसिसवाले चौतीस-पस्तीस वर्षांचे पोरं येऊन विचारायचे, मी नाही म्हणायचो.

अँटिबॉडी शून्य म्हणजे संरक्षण शून्य नव्हे, टी-पेशींचा भाग त्या तपासणीत दिसत नाही. आणि भरपूर आल्या असत्या तरी मी बेफिकीर राहा म्हटलं नसतं. तो रिपोर्ट फाडून टाका.

भावाला सांगा, ५ मेला संघटनेनं आणीबाणी उठवली. विषाणू गेला असं कुणी म्हटलेलं नाही.

आणि हे मात्र लिहून फ्रिजवर लावा. ताप-खोकला आला की पहिल्याच दिवशी तपासणी. रॅपिड निगेटिव्ह आली तर गप्प बसायचं नाही, आरटीपीसीआर करायची, किंवा ४८ तासांनी रॅपिड परत. विषाणूविरोधी औषधं पहिल्या पाच-सात दिवसांतच कामाची. त्यातली एक गोळ्यांची जोडी आहे, निर्मॅट्रेलविर आणि रिटोनाविर. कुणी भल्या मनाने ती लिहून दिली तर घरी नेऊ नका. रिटोनाविर यकृताचं ते एन्झाइम अडवतं जे टॅक्रोलिमसला मोडतं. एक-दोन दिवसांत टॅक्रोलिमसची पातळी कितीतरी पट चढते, आणि जी किडनी वाचवायची तीच भाजून निघते. परभणीत ह्यांना रेमडेसिविर दिलं, त्यामागे बहुधा हाच हिशोब असणार.

दुधनाकाठची | २४ जुलै, ९.२०

डॉक्टर, 'फाडून टाका' ह्यांना वाचून दाखवलं. दोन वर्षं तो कागद फाइलीत सगळ्यात वर होता. फाडला नाही, पण सगळ्यात खाली गेला.

रिटोनाविरचं खरंच माहीत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याने एप्रिलमध्ये 'नवीन गोळी आलीय, डॉक्टरची चिठ्ठी नंतर द्या' म्हटलं होतं.

मेथीची_भाजी | २४ जुलै, दुपारी २.०५

नावावर जाऊ नका, मी मेथोट्रेक्झेटवाली आहे, तीही प्रतिकारशक्ती दाबणारीच गोळी. लातूर. आमवात, बारा वर्षं. दर रविवारी गोळ्या, सोमवारी मळमळ, मंगळवारी शाळा.

किडनीवाल्यांचं लोकांना कळतं तरी. आमचं बघून कुणाला वाटतच नाही की प्रतिकारशक्ती कमी आहे. बोटं वाकडी दिसतात तेवढीच. तिसऱ्या डोसच्या वेळी माझ्या र्‍हुमॅटॉलॉजिस्टने, म्हणजे सांध्यांच्या डॉक्टरांनी, डोसनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्झेट थांबवायला सांगितलं. इंग्लंडात यावर रीतसर चाचणी झाली होती म्हणे, तेवढं थांबल्याने अँटिबॉडी चांगल्या बनतात. सांधे आठ दिवस बोंबलले, पण तेवढं चाललं. माझ्या जावेला त्याच आजारासाठी रिटुक्सिमॅबचं सलाइन लागतं. त्याने बी-पेशीच साफ होतात, त्यामुळे तिच्या डॉक्टरांनी लशीची तारीख सलाइनच्या हिशोबाने धरली, शेवटच्या सलाइननंतर जवळजवळ सहा महिन्यांनी. एकाच घरात, एकाच आजाराच्या दोन बायका, आणि लशीचा सल्ला दोन तऱ्हांचा. स्वतःच्या मनाने कुणी औषध थांबवू नका, एवढंच सांगायला लिहिलं.

आणि ताई, शाळेतल्या शिक्षकखोलीत मास्क लावून बसले की अजून विचारतात, मॅडम, सर्दी झाली का? मी आता हो म्हणते. सर्दी झालेल्या बाईजवळ कुणी बसत नाही, काम भागतं.

एक_सून | २४ जुलै, २.३०

मेथीताई, दंडवत.

काकडआरती | २४ जुलै, सायं. ७.१०

वय ७१, मधुमेह. आम्ही रोज गुळवेलीचा काढा घेतो, प्रतिकारशक्ती उत्तम आहे. यजमानांना द्यायला हरकत नसावी. निसर्गात सर्व आहे.

स्टेथो_आणि_चहा | २४ जुलै, ९.४५

काका, हरकत आहे. ह्यांची प्रतिकारशक्ती आम्ही मुद्दाम दाबून ठेवलीय, ती काढ्याने जागी झाली तर आधी किडनीवर जाईल. आणि गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत. तुम्हीही रोजचा काढा चालू ठेवण्याआधी यकृताची तपासणी करून घ्या. तुमचा शेवटचा डोस कधीचा?

काकडआरती | २४ जुलै, १०.०२

दोनच झाले. तिसऱ्याला गेलो नाही.

सुईबाई | २५ जुलै, रात्री ११.३०

मी एएनएम, म्हणजे गावची आरोग्यसेविका. उपकेंद्रात तेवीस वर्षं. गोदेच्या गोट्याला उत्तर द्यायचं होतं, ड्युटीने उशीर झाला.

भाऊ, आम्हाला तुमच्यासारखे हजार भेटले. पहिल्या महिन्यात लशीसाठी लोक पहाटे चारला चपला रांगेत ठेवून जायचे, नंतर त्याच गावात आम्हाला बघून दारं लागायची. कोव्हिशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस. बाटली उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. नऊ माणसं बसलेली, दहावा हुडकायला आशाताई शेतात. एकदा दहावा मिळाला तो उसाच्या फडात, कोयता हातात, म्हणाला हात रिकामा नाही, टोचायचं तर असंच टोचा. टोचलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबादच्या कलेक्टर साहेबांनी हुकूम काढला, निदान एक डोस झाल्याशिवाय पेट्रोल, गॅस, राशन नाही. त्या आठवड्यात माझा नणदोई, जो वर्षभर मला डोळ्यांसमोर येऊ देत नव्हता, मोटारसायकल ढकलत आला. टाकी कोरडी. धाकाने लस द्यावी का, यावर माझं मत विचारू नका, मला त्या दिवशी फक्त बाटली वाया गेली नाही याचा आनंद झाला.

आता फरक ऐका. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या तीन गावांत मी अकरा मयतींच्या घरी गेले. २०२२ च्या जानेवारीत त्याच तीन गावांत घरोघर ताप होता, अक्षरशः घरोघर, आणि मयत एक. ती म्हातारी पंच्याऐंशीची, डोस न घेतलेली. ओमिक्रॉन मुळात सौम्य होता, बऱ्याच जणांना आधी होऊनही गेला होता, हे डॉक्टर लोक सांगतील आणि ते खरंय. पण मी वही ठेवली होती. वहीत कुणाचे किती डोस तेही लिहिलंय.

ठणठणीत माणूस एकबी डोस न घेता राहिला असंल. त्याच्या शेजारी जो बसला त्याचं काय झालं, ते तुम्ही लिहिलं नाही.

गोदेचा_गोटा | २६ जुलै, ८.१५

मावशी, तुमच्यापुढं बोलत नाही.

पैनगंगा_पार | २६ जुलै, १२.४०

प्रतिकारशक्ती कमी म्हटलं की लोकांना किडनी आणि कॅन्सर एवढंच दिसतं. माझ्या वडिलांना फक्त साखर होती. म्हणजे आम्ही 'फक्त' म्हणायचो. २०२१ च्या मेमध्ये कोविड, ऑक्सिजन लागला म्हणून स्टेरॉइड दिलं, ते गरजेचंच होतं. पण घरी आल्यावर जुनीच चिठ्ठी दाखवून आम्ही ते आणखी पंधरा दिवस चालू ठेवलं, कुणी बंद करा म्हटलं नाही, आम्ही विचारलं नाही. साखर साडेचारशे. एका सकाळी म्हणाले, नाकातून काळं येतंय. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. त्यावरच्या अँफोटेरिसिन इंजेक्शनच्या बाटल्यांसाठी मी आणि भाऊ दोन जिल्हे पालथे घालत होतो. जीव वाचला, डावा डोळा काढावा लागला.

आता दर पंधरा दिवसांनी त्यांची साखर मी स्वतः बघतो. काकडआरती काका, तुमचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, किती? काढ्यापेक्षा तो आकडा सांगा.

एक_सून | २६ जुलै, ३.१०

विषय जेवणाचा होता ना? दुधनाताई, आईला आजार समजावून सांगू नका. आयांना आजार कळतो, पण तो लेकीच्या नवऱ्याचा असला की त्या ऐकत नाहीत, घाबरतात आणि मग रागावतात. आईला काम द्या. 'आई, पंगत अंगणात करशील का? आणि ज्याला खोकला असेल त्याला तूच थांबव, माझं कोण ऐकणार?' बघा, ती फाटकात उभी राहील.

स्टेथो_आणि_चहा | २६ जुलै, ९.३०

हेच. उघड्यावर, वारा वाहता, ह्यांची पंगत पहिली आणि लहान. जेवताना मास्क निघणारच, बाकी वेळ एन-९५. गाडीत काचा खाली. गरम पुरण तुपासकट चालेल, तासाभरापूर्वी चिरून ठेवलेली कोशिंबीर नको. पाणी उकळलेलं, घरून.

जून अखेरीस पुण्याच्या जेनोव्हाची ओमिक्रॉनसाठीची एमआरएनए लस आलीय, जेमकोव्हॅक-ओएम, कोव्हिशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन झालेल्या अठराच्या पुढच्यांना बूस्टर म्हणून. सुईशिवाय, कातडीत फवारा मारतात. यात जिवंत विषाणू नाही, म्हणून प्रत्यारोपणवाल्यांना त्या दृष्टीने भीती नाही. नेफ्रोलॉजिस्टना विचारा. फ्लूची आणि न्यूमोनियावरची न्यूमोकॉकलचीही विचारा, ती लोक हमखास विसरतात.

---

दुधनाकाठची | १४ ऑगस्ट २०२३, दुपारी १.२०

काल जाऊन आलो!

जेमकोव्हॅकसाठी परभणी, नांदेड, संभाजीनगर, तिन्हीकडे फोन केले. एका ठिकाणी नावच तीनदा सांगावं लागलं. मिळाली नाही. फ्लूची मिळाली, घेतली.

आईला मी एक_सूनने सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. आधी म्हणाली, 'काय माय, जावयाला घरी आणायला बी आता डॉक्टरची चिठ्ठी लागती का?' मी गप्प. मग तीच म्हणाली, 'गोठ्याच्या पुढं बसवू का? तिथं वारं असतं.' म्हटलं, बसव.

पावसाने पाठ फिरवलीय तिकडे, सोयाबीन माना टाकायलंय. सगळे हळहळत होते, आणि मला मनातून वाटत होतं की आजच्या दिवस नको पडू. वाटल्याची लाजही वाटली. गोठ्यासमोर पत्र्याची पडवी आहे, तीन बाजूंनी मोकळी. शेण काढून, सडा घालून, पाट मांडला होता. म्हशी चार हातांवर. पहिल्या पंगतीला सहा माणसं, अंतरावर. बाकीच्यांना आई म्हणाली, देवाचं ताट आधी, मग तुमचं.

चुलत भावाचा मोठा मुलगा पुण्याहून आलेला, घसा बसलेला. तो पाया पडायला पुढे झाला तशी आई मध्ये. 'तू तिथनंच पड. पाया काही पळून चालले नाहीत.' सगळे हसले, तोही हसला. आणि माझा भाऊ, ज्याने नाजूक म्हटलं होतं, त्याने कुठूनसा टेबलफॅन आणून ह्यांच्या मागे लावला. तोंड उलटं, बाहेर वारा फेकणारं. मी विचारलं हे कुणी सांगितलं, म्हणाला दाजींच्या दुकानात बघितलं.

ते सांगायचं राहिलं. ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. पेरणीच्या दिवसांत बियाण्याला झुंबड, शंभर माणसं काउंटरवर वाकलेली. या जूनमध्ये ह्यांनी काउंटरच उचलून शटरच्या बाहेर ओट्यावर आणला, मागे मोठा फॅन, मागचं दार उघडं. लोकांनी चार दिवस चेष्टा केली. पाचव्या दिवशी शेजारच्या दुकानदारानेही ओट्यावर मांडलं, गिऱ्हाइकाला सावलीत बरं वाटतं म्हणून.

अनारसे बत्तीसच निघाले. एक आईने तळताना चाखला.

जालन्याचा_जावई | १४ ऑगस्ट, १.३१

तो एक माझा होता.

सुईबाई | १४ ऑगस्ट, १०.५०

आईला माझा नमस्कार सांगा. लसीकरणाच्या रांगेला अशी बाई पाहिजे होती.

---

पैनगंगा_पार | २४ डिसेंबर २०२३, ११.००

धागा वर काढतोय. कोविडच्या नव्या उपप्रकाराच्या, जेएन.१ च्या बातम्या सुरू झाल्यात, केरळात सापडला, आपल्याकडे सिंधुदुर्गात. वडील विचारतायत परत सगळं बंद होणार का. त्यांच्या आवाजात जे होतं ते मी लिहू शकत नाही. दुधनाताई, तुमच्याकडे कसं?

दुधनाकाठची | २४ डिसेंबर, ९.१५

आमच्याकडे नऊची गोळी आत्ताच वाजली, बाकी ठीक. घरात रॅपिडचे चार किट आणून ठेवलेत, ऑक्सिमीटरचे सेल बदलले. बंद काही होणार नाही असं मला वाटतं, डॉक्टरांनी वर समजावलंय ना, लोकांच्या अंगात आता आठवण आहे. आपल्या घरच्यांच्या अंगात ती थोडी कच्ची, म्हणून आपण किट ठेवायचे. वडिलांची साखर किती?

पैनगंगा_पार | २४ डिसेंबर, ९.४०

जेवणाआधी ११८. :)

---

गोदेचा_गोटा | ३१ मे २०२५, सकाळी १०.२०

परत सुरू झालं बातम्यांत. मावशी, रागावू नका, एक इचारतो. ही जी जवान पोरं नाचता नाचता पडायलीत, ती लशीनंच ना? आमच्या गल्लीत बत्तीस वर्षांचा गेला. व्हॉट्सॲपवर रोज येतंय.

स्टेथो_आणि_चहा | ३१ मे, दुपारी ३.३०

तुमच्या गल्लीतल्या पोराचं वाईट वाटलं. नीट उत्तर देतो.

आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, यावर अभ्यास केला, २०२३ च्या नोव्हेंबरात छापून आला. देशातली ४७ मोठी रुग्णालयं, १८ ते ४५ वयाचे, वरवर निरोगी असताना अचानक गेलेले, आणि त्यांच्याच वयाचे शेजारपाजारचे जिवंत लोक, अशी तुलना. लशीने धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. वाढलेला दिसला तो कोविडने दवाखान्यात भरती झालेल्यांत, घरात आधी कुणी असं अचानक गेलेलं असणाऱ्यांत, मरणाच्या आधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत, किंवा एकदम जोराचा व्यायाम केलेल्यांत.

लशीला दुष्परिणामच नाहीत असंही मी म्हणणार नाही. कोव्हिशिल्डच्या जातीच्या लशीनंतर प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होणं हा खरा दुष्परिणाम आहे, अतिशय दुर्मिळ, आणि तो डोसनंतरच्या काही आठवड्यांत होतो. चार वर्षांपूर्वीच्या डोसने आज वरातीत माणूस पडत नाही. तुमच्या घरात छातीत दुखण्याचा इतिहास असेल तर पोरांचं रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघून घ्या.

आत्ताचे उपप्रकार, एनबी.१.८.१ आणि एलएफ.७, हे त्या जेएन.१ चेच नातेवाईक. बहुतेकांना सर्दी-तापावर सुटका. फ्रिजवरचा कागद ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तो परत वाचावा.

गोदेचा_गोटा | ३१ मे, ४.०५

त्या पोराचा बापबी असाच गेला होता, चाळिशीत. हे मी कधी जोडलंच नव्हतं. भावाला सांगतो त्याच्या.

दुधनाकाठची | १ जून २०२५, रात्री ९.२५

कागद अजून आहे, तुपाचे डाग पडलेत.

मागच्या रविवारी ह्यांना कणकण आली, ९९.८. दुपारी रॅपिड निगेटिव्ह. पूर्वी मी सुटले म्हणून झोपले असते. सोमवारी स्वॅब दिला, मंगळवारी संध्याकाळी पॉझिटिव्ह, बुधवारपासून रेमडेसिविर, परत तेच परभणी, तीच खुर्ची. या वेळी रडू नाही आलं, मी स्वेटरचे टाके मोजत बसले होते. मायकोफेनोलेट बंद, टॅक्रोलिमसची पातळी तपासली. आज ताप नाही, ऑक्सिजन ९७, क्रिएटिनिन १.५, परवा परत बघायचं. हे माडीवरच्या खोलीत, मी खाली. डॉक्टर म्हणाले अशा माणसांच्या अंगात विषाणू इतरांपेक्षा जास्त दिवस राहतो, तेव्हा दहा दिवसांचा हिशोब आम्हाला लागू नाही, तपासून मगच खाली आणायचं. सासूबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत जातात आणि तिथूनच विचारतात, 'माझी किडनी काय म्हणतीय?' वरून उत्तर येतं, 'बरी हाय, तुमचीच वाट बघायलीय.'

दुकान भाच्याने उघडलंय. काउंटर ओट्यावरच असतो आता बारा महिने.

आईचा फोन आला होता. मी ह्यांचं सांगितलं, म्हटलं घाबरू नको. ती म्हणाली, घाबरत नाही, पंचांग बघत होते, पुढचा धोंड्याचा महिना पुढच्या वर्षी ज्येष्ठात येतोय. उन्हाचे दिवस, पडवीचा पत्रा तापंल. वर पाचट टाकून घेऊ का आत्तापासून?